कूटगीतांचा अर्थ कसा लावावा?

गाणे कानास गोड लागते, सहज पाठही होते. परंतु त्याचा अर्थ कोणी विचारला म्हणजे गाणाराच थबकतो, हा अनुभव आपल्या प्रांती नवीन नाही. दिंद्रुड व त्याच्या आसपासच्या खेड्यांतून एकादशीच्या भजनात किंवा सप्ताहाच्या कीर्तनात अशी कित्येक पदे टाळमृदंगाच्या घोषात गाइली जातात की, त्यांतील एकेक शब्द ओळखीचा असावा आणि सबंध वाक्य मात्र सृष्टिक्रमास सोडून असावे. कोठे मुंगीसारखा क्षुद्र जीव सूर्य गिळून बसतो. कोठे कधीच न वसलेल्या गावात कुंभार येऊन बिऱ्हाड करतात. कोठे सासुरवाशीण देवीस नवस बोलते, तो घरच्या माणसांच्या कल्याणासाठी नव्हे, तर ती एकेक करून नाहीशी व्हावीत म्हणून. अशा रचनांस आपल्या वाङ्मयात कूट अथवा कोडे म्हणतात.

या गीतांसंबंधी विद्यार्थ्यांत तीन मते आढळतात. पहिले मत असे की, हा निव्वळ वेडगळपणा आहे. दुसरे असे की, यात काही मोठे गूढ आहे व ते आपणांसारख्यांस कळावयाचे नाही. तिसरे मत अलीकडे फार बोकाळले आहे. ते असे की, ज्याने त्याने आपल्या मनास येईल तो अर्थ घ्यावा. ही तिन्ही मते दिसावयास भिन्न असली तरी त्यांचे फळ एकच, आणि ते म्हणजे विचार करण्याचे श्रम वाचविणे. आमचे म्हणणे असे आहे की, कूटगीतांचा अर्थ शोधता येतो. इतकेच नव्हे, तर लावलेला अर्थ खरा की खोटा हे पुष्कळ अंशी तपासूनही पाहता येते. ते कसे, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा विचार आहे.

कूटरचना ही आपल्याकडील फार जुनी परंपरा होय. महाभारतात ८,८०० श्लोक असे गहन आहेत की, त्यांचा अर्थ स्वतः व्यास व शुक यांसच ठाऊक, असे त्या ग्रंथाच्या आदिपर्वातच म्हटले आहे. लेखणी थांबू द्यावयाची नाही अशी अट गणपतीने लेखनिक होताना घातली. तेव्हा व्यासांनी मधून मधून अवघड श्लोक घालून पुढील रचनेस अवधी मिळविला, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. पुढे बौद्ध सिद्धांनी व नाथपंथी योग्यांनी अशीच उलटी भाषा वापरली. हरप्रसाद शास्त्री यांना १९०७ साली नेपाळात सापडलेली व १९१६ साली त्यांनी छापून प्रसिद्ध केलेली चर्यापदे याच जातीची असून, त्यांच्या भाषेस संध्याभाषा असे म्हणतात. उत्तरेकडे कबीराच्या उलटबांसी प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात निवृत्तिनाथांस गहिनीनाथांकडून नाथपंथाची दीक्षा मिळाली आणि त्यांच्याकडून ती ज्ञानदेव व मुक्ताबाई यांच्याकडे आली; तेव्हा या भावंडांच्या वाणीत कूटाचा सूर उमटला यात नवल नाही. सारांश, ज्यास आपण वेडगळपणा समजतो ती एक रूढ व बहुमान्य लेखनपद्धती आहे, आणि जेथे पद्धती आहे तेथे नियम असावयाचेच.

नियमांकडे वळण्यापूर्वी कोड्यांच्या दोन जाती ओळखून ठेविल्या पाहिजेत. पवित्र शास्त्रात शास्ते या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात शमशोनाने लग्नाच्या मेजवानीत घातलेले कोडे आहे. त्याने सिंह मारला होता व त्या सिंहाच्या सांगाड्यात मधमाश्यांनी मध केला होता. एवढी खासगी हकीकत ज्यास ठाऊक नाही त्यास ते कोडे सात दिवस नव्हे तर सात वर्षे विचार करूनही सुटले नसते. त्याच्या सोबत्यांनी शेवटी वधूस धाक घालून उत्तर काढून घेतले, ते याच कारणाने. ही पहिली जात. हिची किल्ली एकट्या कोडे घालणाऱ्याच्या खिशात असते. दुसऱ्या जातीची किल्ली समाजाच्या सामायिक भांडारात टांगलेली असते. ती कोठे टांगली आहे हे माहीत असले म्हणजे कोणासही कुलूप उघडता येते. आपली संतांची कूटे बहुतांशी या दुसऱ्या जातीची आहेत. ज्यांना ती ऐकवावयाची त्या शेतकरी, कुंभार, सासुरवाशिणींनी ती सोडवावीत अशीच रचणाऱ्यांची इच्छा होती. तेव्हा किल्ल्या कोठे टांगल्या आहेत तेवढे पाहू.

पहिली किल्ली गीतातच असते. पुष्कळ वेळा कवी कोडे घालतो व दोन कडव्यांनंतर त्याचे उत्तरही देतो. परंतु आपण ध्रुपदावर टाळ्या वाजविण्यात इतके रमतो की, उत्तर कानाआड होते. एकनाथांचे विंचवाचे भारूड घ्या. विंचू चावलेल्या माणसाचा थयथयाट पाहून श्रोते पोट धरून हसतात. पण त्या भारुडातच नाथांनी हा विंचू म्हणजे कामक्रोध असे स्पष्ट सांगितले आहे, आणि तमोगुण मागे सारून सत्त्वगुणाचा उतारा लावावा, हा उपायही सांगितला आहे. येथे अर्थ लावावयाचा नसून केवळ शेवटपर्यंत ऐकावयाचे आहे. यास्तव आमचा पहिला नियम असा की, गीत पुरते लिहून घेतल्यावाचून त्याच्या अर्थासंबंधी तोंड उघडू नये. अर्धे गीत आणि पुरा अर्थ अशी जोडी कधी जमत नाही.

दुसरी किल्ली म्हणजे बोलणारा कोण, हे ओळखणे. कवीचे नाव शेवटच्या ओळीत असले म्हणून संबंध गीत कवीच बोलतो असे समजू नये. एकनाथांची भारुडे तीनशेच्या आसपास आहेत. त्यांत जोशी बोलतो, वासुदेव बोलतो, गोंधळी बोलतो, आंधळा, पांगळा, मुका व बहिरा हेही बोलतात. सासुरवाशीण बोलते आणि गावचा महारही बोलतो. नाटकात राजाचे सोंग घेतलेला नट राजाची भाषा बोलतो, तशीच ही गोष्ट आहे. पैठणचे हे विद्वान ब्राह्मण आपल्या कवितेत जोहार घालतात तेव्हा तो गावच्या महाराच्या तोंडचा जोहार असतो. जोहार ही महारांनी गावकामगारांस करावयाची वंदनाची रीत होती, आणि एकनाथांच्या फार पूर्वी चोखामेळ्याने, जो जातीने महारच होता, आपल्या अभंगांत ती वापरली होती. गावची राखण करणे, वर्दी देणे, सरकारी निरोप पोहोचविणे ही महाराची कामे. तेव्हा देहरूपी गावात धोका शिरला आहे, धनी मात्र झोपले आहेत, अशी वर्दी देण्यास त्याच्यापरता योग्य माणूस कोण? बोलणाऱ्याचा धंदा कळला म्हणजे गीताचा निम्मा अर्थ आपोआप उलगडतो.

तिसरी किल्ली वस्तूंची व शब्दांची. वर सांगितलेली सासुरवाशीण भवानीस रोडगा वाहण्याचा नवस करते. शहरातील वाचकास रोडगा म्हणजे काय हेच ठाऊक नसते, म्हणून तो पुढे जातो. आमच्या मराठवाड्यातील मुलांस ते सांगावे लागत नाही. कणकेचा जाड गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजून काढला की रोडगा झाला. त्यास तवा लागत नाही, तूप लागत नाही. म्हणजे ही बाई देवीस साडीचोळी किंवा सोन्याचा डोळा देऊ करीत नाही. घरात असेल नसेल त्या मूठभर पिठाचे बोलते. एवढा मोठा वर आणि एवढे लहान मोल! विनोद येथे आहे, आणि या बाईचे दारिद्र्यही येथेच आहे. एका शब्दाने दोन्ही गोष्टी सांगितल्या. पण रोडगा पाहिलेल्यासच त्या कळाव्या.

याहून नामी उदाहरण नाथांच्या अर्जदस्ताचे आहे. अर्जदस्त म्हणजे हाताखालच्या कामगाराने वरिष्ठांस लिहिलेला लेखी अर्ज. हे पद त्याच घाटाचे असून त्यातील परगण्याचे नाव शरीराबाद, किल्ल्याचे नाव कायापुरी, शेखदार जिवाजी व कारकून बुधाजी असे आहेत. दौलताबादसारखी नावे रोज ऐकणाऱ्या त्या काळच्या श्रोत्यांस यात कोडे असे काहीच वाटले नसेल. शरीर हा परगणा, जीव हा त्यावरचा अंमलदार, बुद्धी ही हिशेब लिहिणारी कारकून, आणि ज्या साहेबांस अर्ज करावयाचा तो ईश्वर. देह आपला नव्हे. तो सोपवून दिलेला मुलूख आहे, आणि त्याचा वसूल व जमाखर्च एके दिवशी दाखवावा लागेल, हा त्यातील बोध. नाथांनी हे दफ्तरी शब्द कोठून आणले? त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. त्यांच्याजवळ राहून नाथांनी हिशेबाचे काम केले, आणि एका क्षुल्लक चुकीचा शोध लावण्यासाठी रात्र जागून काढली, अशी कथा आहे. १९४८ सालापर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील जुन्या लोकांच्या बोलण्यात असे फारशी शब्द सहज येत. आता ते दुर्बोध झाले असतील तर मोल्सवर्थचा १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचा कोश अथवा दाते व कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात निघालेला सात भागांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडावा. ज्या शब्दास आपण गूढ म्हणतो तो पुष्कळदा नुसता जुना असतो.

चौथी किल्ली संख्यांची आहे. कूटगीतांत पाच, पंचवीस, दहा, सहा, नऊ असे आकडे वारंवार येतात व वाचक गोंधळतो. परंतु हे आकडे मनाचे नव्हेत. पाच म्हणजे पंचमहाभूते अथवा पाच ज्ञानेंद्रिये. दहा म्हणजे ज्ञानेंद्रिये व कर्मेंद्रिये मिळून. सहा म्हणजे कामक्रोधादी विकार. नऊ म्हणजे देहाची द्वारे. बारा व सोळा म्हणजे योगशास्त्रात सांगितलेल्या अनुक्रमे सूर्याच्या व चंद्राच्या कला. पाच भूतांचे प्रत्येकी पाच प्रकार धरून पंचवीस तत्त्वे होतात. या विचारास पंचीकरण म्हणतात. आणि या पंचीकरणाचा तक्ता आपल्याच जिल्ह्यात आहे, ही गोष्ट फार थोड्या विद्यार्थ्यांस ठाऊक असते. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१ ते १६१५) यांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर पंचीकरणाचा विषय आकृत्यांसह लिहून काढला. तीच त्यांची प्रसिद्ध पासोडी. शाळेत भिंतीवर नकाशा टांगावा तसे हे काम आहे. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट यांनी महाराष्ट्रातील संतकवींवरील आपल्या इंग्रजी ग्रंथमालेत एकनाथांप्रमाणे या दासोपंतांवरही एक स्वतंत्र पुस्तक दिले आहे.

संख्या व वस्तू या दोन्ही किल्ल्या एकत्र फिरवावयाच्या झाल्या तर गंगाखेडच्या जनाबाईंचे दळणाचे पद घ्यावे. त्यात जाते आहे, खुंटे आहेत, ओव्या आहेत, सासूसासरे आहेत, आणि बारा-सोळा असा सख्यांचा आकडा आहे. एरवी जात्यास खुंटा एक; पण दोघी समोरासमोर बसून दळू लागल्या म्हणजे दोन खुंटे घालतात, हे जाते ओढलेल्या बाईस ठाऊक असते. जनाबाई हे दोन खुंटे म्हणजे जीव व शिव असे सांगतात. दोघांचे हात दोन बाजूंस, पण पाळू एकच व ती फिरते एकाच खिळ्याभोवती. जीव व शिव दोन दिसतात, काम मात्र एकच चालते, हे वेदान्ताचे तत्त्व त्या दासीने दळता दळता सांगून टाकले. हे चित्र ज्याच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही, त्यास जीव-शिव या शब्दांवरचे व्याख्यान ऐकून फारसा लाभ होणार नाही.

पाचवी व शेवटची किल्ली जुन्या कथांची. ती दाखविण्यासाठी ज्ञानदेवांच्या नावावर गाइले जाणारे एक अतिशय लोकप्रिय कूट घेतो. काट्याच्या टोकावर तीन गावे आहेत. त्यांतील दोन उजाड आणि तिसरे कधी वसलेच नाही. त्या न वसलेल्या गावी तीन कुंभार येतात. दोघांस हात नाहीत आणि तिसऱ्यास घडविता येत नाही. त्याच न घडविणाऱ्याच्या हातून तीन मडकी होतात. पुढे ती मडकी, त्यांत शिजणारे मूग, जेवावयास येणारे पाहुणे, म्हशी, टोणगे, रुपये, नाणी पारखणारे, अशी साखळी लांबत जाते. प्रत्येक पायरीवर दोन गोष्टी बिघडलेल्या असतात व तिसरी घडतच नाही. आणि त्या न घडलेल्या गोष्टीच्याच पायावर पुढची पायरी उभी राहते.

या कूटातील तीन म्हणजे काय? कोणी म्हणतात सत्त्व, रज व तम. कोणी म्हणतात स्थूल, सूक्ष्म व कारण असे तीन देह. कोणी म्हणतात जागृती, स्वप्न व सुषुप्ती. कोणी भूत, वर्तमान व भविष्य असे तीन काळ मोजतात. यांतील प्रत्येक अर्थ पहिल्या ओळीस बरा लागू पडतो. परंतु पुढे जा. गावे म्हणजे तीन गुण, तर कुंभार कोण? मडकी कोणती? दोन का बिघडली व तिसरे का घडले नाही? म्हशींपर्यंत पोहोचता पोहोचता टीकाकाराची दमछाक होते व तो प्रत्येक पायरीस नवा अर्थ चिकटवू लागतो. ज्या किल्लीस प्रत्येक खोलीपाशी कानस लावावी लागते ती त्या घराची किल्ली नव्हे.

आता योगवासिष्ठ या प्राचीन संस्कृत ग्रंथाच्या उत्पत्तिप्रकरणातील बालकाख्यायिका ऐका. एक दाई मुलास गोष्ट सांगते. मुळात नसलेल्या एका नगरात तीन राजपुत्र होते. दोन जन्मलेच नव्हते आणि तिसरा गर्भातही आला नव्हता. ते प्रवासास निघाले. वाटेत त्यांस तीन झाडे लागली, ती नव्हतीच; त्यांची फळे त्यांनी खाल्ली. पुढे तीन नद्या लागल्या. दोन कोरड्या व तिसरीस पाणी नाही. त्यांत त्यांनी स्नान केले. पुढे वसावयाच्या असलेल्या नगरात त्यांस तीन घरे मिळाली, तीन भांडी मिळाली, तीही अशीच. त्यांत त्यांनी भात शिजविला व तीन ब्राह्मण जेवावयास बोलाविले, त्यांतील दोघांस देह नाही व तिसऱ्यास तोंड नाही. मुलाने ही सारी गोष्ट खरी मानली व तो संतुष्ट झाला. यावर ग्रंथकार तात्पर्य सांगतो: हा संसार असाच आहे. मनाने एक कल्पना केली, तिच्यावर दुसरी रचली, दुसरीवर तिसरी. आणि ज्याने विचार केला नाही त्यास ती सारी इमारत दगडमातीची वाटते.

या दोन रचनांचे नाते वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. तीच तीनची मांडणी, तेच दोन व एक, तीच भांडी, तेच शिजविणे, तेच न जेवणारे पाहुणे. मराठी कवीने नद्या व राजपुत्र सोडून आपल्या गावचे कुंभार, मूग, म्हशी व टोणगे घेतले इतकेच. या किल्लीने प्रत्येक पायरी एकाच फेऱ्यात उघडते. तीन या आकड्यात गूढ नाही. गूढ आहे ते साखळीत. नसलेल्यावर नसलेले रचीत जाणे हाच संसाराचा व्यवहार, हे सांगण्यास जी तऱ्हा लागते तीच कवीने योजिली आहे. काट्याचे टोक एवढे बारीक की, त्यावर गाव सोडा, धुळीचा कणही ठरणार नाही. म्हणून पहिलाच पाया तो घेतला.

आणखी एक गोष्ट येथे नोंदण्यासारखी आहे. या कूटाचा जो पाठ आज सर्वत्र ऐकू येतो त्यात रुपया येतो. या नावाचे चांदीचे नाणे सोळाव्या शतकात शेरशहाने रूढ केले. ज्ञानदेव तर १२९६ साली समाधिस्थ झाले. तेव्हा गाणाऱ्यांच्या तोंडी पाठ पालटत आला असावा, अथवा हे संबंध गीत उत्तरकाळचे असावे. लोकांच्या मुखी असलेले गीत म्हणजे नदीचे पाणी. ते वाटेतील माती घेऊनच वाहते. म्हणून एकाच शब्दावर अर्थाचा सगळा भार टाकणे धोक्याचे असते.

आता लावलेला अर्थ तपासावा कसा? तीन प्रश्न विचारावे. हा अर्थ पहिल्या ओळीप्रमाणे शेवटच्या ओळीसही लागू पडतो काय? गीतातील वस्तू बदलून दुसरी घातली तरी हा अर्थ तसाच राहतो काय? राहत असेल तर तो त्या गीताचा अर्थ नव्हे. विंचवाच्या जागी मांजर घालून पाहा. वेदना चढत जाणे व उतारा देणे या गोष्टी नाहीशा होतात, म्हणजे विंचू तेथे कारणाने आला आहे. आणि तिसरा प्रश्न: हाच अर्थ जगातील कोणत्याही गीतास चिकटविता येईल काय? सर्व माया आहे, एवढे म्हटले की कोणतेही कूट सुटल्यासारखे वाटते. पण जे औषध सर्व रोगांवर चालते त्याविषयी शहाणा माणूस संशयच घेतो.

येथवर आतील अर्थाची बाजू सांगितली. परंतु आतला अर्थ सापडला म्हणून वरचा अर्थ फेकून द्यावा काय? आमच्या मते ही सर्वांत मोठी चूक होय, आणि ती अज्ञानी लोकांपेक्षा विद्वानांच्याच हातून अधिक होते. त्या सासुरवाशिणीकडे पुन्हा वळू. सासरा, सासू, जाऊ, नणंदेचे मूल व अखेर नवरा, सारे दूर व्हावेत व आपण एकटी राहावे, असे ती मागते. कीर्तनकार यांतील एकेका नात्यास एकेक विकाराचे नाव देतात. त्यांच्या याद्या परस्परांशी जुळत नाहीत. परंतु शेवटचा शब्द मात्र सर्वांच्या कामाचा आहे. एकटी राहणे. तत्त्वज्ञानात मुक्तीस कैवल्य म्हणतात, आणि कैवल्य हा शब्द केवल यापासून आला आहे. केवल म्हणजे एकटा, निखळ. शास्त्रातला अत्यंत भारदस्त शब्द नाथांनी चुलीपाशी बसलेल्या बाईच्या तोंडी, तिच्या भाषेत घातला.

हे झाले आतले. आता वरचे पाहा. ही बाई जे गाऱ्हाणे सांगते ते खोटे आहे काय? चारशे वर्षांपूर्वी पैठणच्या बाजारात हे भारूड ऐकून ज्या बायका हसल्या असतील, त्यांस कैवल्य हा शब्द ठाऊक नसेल. पण सासुरवास ठाऊक होता. जे घरात बोलता येत नव्हते ते चारचौघांत, गाण्याच्या आडोशाने, कोणीतरी त्यांच्या वतीने बोलून दाखविले. आध्यात्मिक अर्थ सांगून आपण त्या बायकांचे दुःख पुसून टाकले, तर नाथांचे निम्मे काम वाया घालविले. जोहाराचेही तसेच. महाराच्या तोंडी ईश्वराची वर्दी घातली हे थोर खरे. परंतु जोहार या शब्दात वाकलेली मान होती, हेही तितकेच खरे. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीतील लोकांनी तो शब्द टाकून जय भीम हा शब्द घेतला, तो उगाच नव्हे. ज्यास ही गोष्ट ठाऊक नाही, त्याने जोहाराचा अर्थ पुरता जाणला असे म्हणता येणार नाही. कूटगीत हे दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर जावयाचे तर खालच्यातूनच जिना आहे.

या सर्वांस काळाची निकड लागली आहे, म्हणून हे विस्ताराने लिहिले. गिरणी आली व जाते कोपऱ्यात गेले, ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नव्हे. त्या दळणाने बायकांचे हात किती भरून येत हे त्यांनाच ठाऊक. परंतु जात्याबरोबर ओवी गेली, आणि ओवीबरोबर पाळू, खुंटा, वैरण हे शब्द चालले. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी हे ओळखून महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि १९९६ साली त्यांच्या मंडळींनी आपल्या माजलगावासही येऊन बायकांच्या तोंडून ओव्या ध्वनिमुद्रित करून नेल्या. जे काम करण्यास बाहेरची माणसे इतक्या दूर आली, ते आमच्या विद्यार्थ्यांच्या उंबरठ्याआत आहे. या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघून जातात व घरी मुलांपाशी आजी राहते. ती आजी पुष्कळदा निरक्षर असते. पण रोडगा कसा भाजतात, दोन खुंट्यांचे जाते कसे ओढतात, जोहार कोणी कोणास घालावा लागे, हे तिला विचारावे. कोशात न मिळणारे उत्तर मिळेल.

म्हणून आमची सूचना अशी. येत्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावातील एक तरी न उमजणारे गीत संपूर्ण उतरून घ्यावे. ज्याच्या तोंडून घेतले त्याचा पाठ आपल्या मनाने सुधारू नये. चुकीचा वाटणारा शब्दही जसाच्या तसा ठेवावा. त्याखाली बोलणारा कोण, वस्तू कोणत्या, आकडे कोणते, जुनी कथा कोणती, हे चार ओळींत लिहावे. आणि जे कळले नाही ते कळले नाही असेच लिहावे. घाईने अर्थ लावण्यापेक्षा प्रामाणिकपणे ठेवलेली रिकामी जागा पुढच्या अभ्यासकाच्या अधिक उपयोगी पडते.

आणि हे करताना फार गंभीर चेहरा करून बसण्याचे कारण नाही. आषाढीपूर्वी ज्यांची पालखी दरवर्षी बीडवरून पंढरीस जाते, त्या मुक्ताबाईंनी मुंगीचे ते अचाट कूट रचले, आणि त्याच्या शेवटी हा सारा प्रकार पाहून आपण हसलो, असे स्वतःच सांगून ठेविले आहे.